स्कॉटलंडच्या लहान बेटावर हिवाळी छायाचित्रण : महिना, भरती आणि बोट

प्रश्न : मी पुण्यात राहतो. पावसाळ्यातील सह्याद्री आणि कोकण किनारा यांचे छायाचित्रण बरेच केले आहे. भाऊ ग्लासगोला असतो, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत आठ दिवस काढून स्कॉटलंडच्या एखाद्या दूरच्या, लहान बेटावर, शक्य झाल्यास सेंट किल्डाला जाण्याचा विचार आहे. एक फुल फ्रेम कॅमेरा, 16-35, 24-70 आणि 70-200 या तीन लेन्स, ट्रायपॉड आणि लहान ड्रोन माझ्याजवळ आहे. बेटावर चार दिवस पुरतील का? तयारी कशी करावी? ड्रोन न्यावा का?

उत्तर : आपल्या बेतातील दोन गोष्टी आधीच बदलाव्या लागतील, एक बेट आणि दुसरी महिना.

सेंट किल्डा हिवाळ्यात विसरावे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बाह्य हेब्रिडीज या बेटांच्या रांगेच्याही पश्चिमेला सुमारे 64 किलोमीटरवर भर अटलांटिकमध्ये ते आहे, 29 ऑगस्ट 1930 रोजी तेथील उरलेले 36 रहिवासी कायमचे बाहेर पडले, आणि आज पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या खासगी बोटी उन्हाळ्यातच, तेही हवामान साथ देईल तेव्हाच निघतात. हिवाळ्यात जायचे असेल तर ज्या बेटावर माणसे वर्षभर राहतात आणि त्यांच्यासाठी चालणारी बोट आहे असेच बेट निवडावे लागते, कारण ती बोट आपल्यासाठी नसली तरी आपल्याला घेऊन जाते. या कसोटीवर मी आपल्याला एग सुचवेन. स्काय बेटाच्या दक्षिणेस रम, एग, मक आणि कॅना अशी चार लहान बेटे आहेत. त्यांतले एग साधारण 9 किलोमीटर लांब आणि 5 किलोमीटर रुंद, वस्ती शंभराच्या थोडी वर. मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून कॅलमॅक कंपनीची ‘लॉकनेविस’ ही बोट तेथे जाते, आणि मॅलेगपर्यंत ग्लासगोहून थेट आगगाडी आहे.

एग सुचवण्याचे खरे कारण मात्र सोयीपेक्षा भूगोलात आहे. एका बाजूला वायव्येकडे तोंड करून असलेली लेगची विस्तीर्ण पुळण, तिच्यासमोर दहा-बारा किलोमीटरवर समुद्रातून थेट उठणारे रमचे डोंगर, पुळणीच्या मागे क्लेडेल वस्तीला कवेत घेणारा उभा कडा, आणि दक्षिणेला 393 मीटर उंचीचा स्गूरचा सुळका. इतक्या थोड्या जागेत इतके निराळे विषय पायी पोहोचता येतील अशा अंतरावर मिळणे हिवाळ्यात फार मोलाचे ठरते, कारण दिवस लहान असतो आणि पाहुण्यांना स्वतःची मोटार बेटावर नेता येत नाही.

आता महिन्याविषयी. एग साधारण 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास तेथे सूर्य सकाळी नऊच्या आसपास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो; पुण्यात त्याच दिवशी तो 48 अंशांवर असतो. हे ऐकून कोणाही छायाचित्रकाराला आनंद होईल, कारण ज्या कलत्या उन्हासाठी आपण सह्याद्रीत पहाटे चारला उठतो ते येथे दिवसभर असते. अडचण अशी की इतक्या खाली असलेला सूर्य झाकायला फार मोठा डोंगर लागत नाही. डिसेंबरात सूर्य मावळतो तो नैऋत्येला, आणि लेगच्या नैऋत्येलाच स्गूरपासून पश्चिमेकडे उतरत गेलेले तीनशे मीटरच्या आसपासचे पठार आहे. परिणाम असा होतो की पंचांगातला सूर्यास्त पावणेचारचा असला तरी पुळणीवरचे ऊन दोन-अडीचच्या सुमारासच डोंगराआड जाते. सकाळी क्लेडेलच्या मागचा कडा पूर्वेकडचे ऊन अडवून धरतो. म्हणजे हजारो रुपये आणि दोन दिवसांचा प्रवास खर्चून आपण ज्या किनाऱ्यासाठी जाणार, तेथे थेट ऊन मिळण्याची शक्यताच मुळी तीन-चार तासांची, आणि त्यातही ढग नसतील तर. सूर्याची दिशा दाखवणारी बहुतेक मोबाइल ॲप सपाट क्षितिज धरून गणित करतात, त्यामुळे घरी बसून बेत आखणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. अशा ठिकाणी नकाशावरून डोंगराची उंची आणि अंतर घेऊन स्वतः कोन काढावा. 300 मीटरचा डोंगर अडीच किलोमीटरवर असेल तर तो जवळजवळ सात अंश आकाश खातो, आणि डिसेंबरात सात अंश म्हणजे अर्ध्याहून अधिक सूर्य झाला.

फेब्रुवारीच्या मध्यावर हेच चित्र पालटते. दिवस साडेनऊ तासांचा होतो, मध्यान्हीचा सूर्य वीस अंशांपर्यंत चढतो, तरीही तो आपल्या सवयीच्या मानाने खालीच असतो, आणि मावळतीची जागा नैऋत्येकडून पश्चिमेकडे सरकल्यामुळे पठाराची सावली पुळणीवर चारच्या पुढे येते. रमच्या शिखरांवर बर्फ असण्याची शक्यताही डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत अधिक असते. उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे या बेटांच्या किनाऱ्यावर बर्फ क्वचितच टिकते, दिवसाचे तापमान बहुधा पाच-सात अंशांच्या घरात असते. पण रमचे आस्किवल शिखर 812 मीटर आणि आइन्शवल 781 मीटर उंच आहे, आणि त्यांच्या माथ्यावरचा पांढरा रंग चित्राला जे देतो ते दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. म्हणून नाताळची सुट्टी भावाकडे घालवण्याचा मोह टाळता आला तर टाळावा आणि रजा फेब्रुवारीत टाकावी.

फेब्रुवारीतील कोणता आठवडा, हेही ठरवता येते, आणि येथे आपला कोकणातील अनुभव कामी येईल. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब आपण ऐकला असेलच. त्यानुसार अमावास्या-पौर्णिमेला मुंबई-कोकणात दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती असते. एगच्या परिसरात नेमके याच्या उलट घडते. उधाणाच्या दिवसांत तेथे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान लागते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत, भर दुपारी पाणी वर असते आणि लेगच्या पुळणीवरील नक्षीचा मोठा भाग झाकलेला राहतो. उधाणाला तेथील पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. थोडक्यात, हिवाळ्याच्या लहान दिवसात उजेड आणि उघडी वाळू एकाच वेळी हवी असेल तर अमावास्येनंतरचे किंवा पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस धरावेत. मी अमावास्या निवडतो, कारण मग रात्रही काळोखी मिळते. नेमक्या वेळांसाठी मॅलेगचा भरती-तक्ता पाहावा. वरचा हिशेब केवळ आठवडा ठरवण्यापुरता आहे.

चार दिवस पुरतील का, याचे उत्तर असे : बेटावर पाच रात्री धराव्यात आणि त्यांपैकी दोन दिवस पावसाने जातील असे आधीच मान्य करावे. आठ दिवसांत दोन-तीन बेटे उरकण्याचा विचार मनात येत असेल तर तो काढून टाकावा. हिवाळी वेळापत्रकात एगला रोज बोट नसते, जी असते ती वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते, आणि गॅल्मिसडेलचा धक्का बेटाच्या आग्नेय बाजूला असल्यामुळे त्या दिशेचा जोरदार वारा सुटला की बोट धक्क्याला लावणे अवघड होते. आदल्या संध्याकाळी कंपनीची सूचना पाहण्याची सवय ठेवावी. ब्रिटिश हवामान खात्याच्या किनारी समुद्राच्या अंदाजात ‘आर्डनामर्कन पॉइंट ते केप राथ’ हा जो पट्टा येतो त्यात एग मोडते; मोबाइलवरच्या ढग-सूर्याच्या चिन्हांपेक्षा त्यातील वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची जास्त सांगून जाते. परतीची बोट आणि भारताचे विमान यांच्यामध्ये किमान दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात. भाऊ ग्लासगोला आहे, म्हणजे हा खर्चही वाचला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, आणि ते बहुतांशी लेगवरच आहे.

लेगची सर्वपरिचित चौकट म्हणजे पुढे ओली वाळू, मागे रम. ती आपण काढालच, काढावीही. परंतु तेथील वाळू जवळून पाहिल्याशिवाय त्या जागेची ओळख होत नाही. ही वाळू दोन प्रकारच्या कणांची आहे : बेसाल्टच्या झिजेतून आलेले काळे, जड कण आणि क्वार्ट्झ व शिंपल्यांचे फिकट, हलके कण. ओहोटीचे पाणी आणि कड्यावरून येणारे ओहोळ पुळणीवरून उतरताना हलके कण पुढे नेतात आणि जड कण मागे ठेवतात, आणि या चाळणीतून फांद्या फुटलेल्या झाडांसारखी काळी-पांढरी नक्षी उमटते. प्रत्येक ओहोटीला ती नवी असते. दहा-पंधरा अंशांवरून येणाऱ्या उन्हात वाळूच्या अर्ध्या सेंटिमीटर उंचीच्या वळीचीही स्वतंत्र सावली पडते, आणि जी नक्षी उन्हाळ्यात नुसती रंगाची वाटली असती तिला येथे उंची-खोली येते.

या नक्षीसाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा, 24 ते 35 मिलिमीटरच्या दरम्यान राहावे आणि लेन्सचे छिद्र एफ 11 पेक्षा लहान करू नये. पुढची वाळू आणि मागचा डोंगर दोन्ही लख्ख हवे असतील तर वेगवेगळ्या फोकसच्या दोन-तीन प्रतिमा घेऊन नंतर जोडाव्यात. 16 मिलिमीटरवर रम बेट बोटभर होऊन बसते आणि मग इतक्या लांब आलो कशाला, असा प्रश्न पडतो. वाळूवर उतरण्यापूर्वी एक मिनिट उंचवट्यावर उभे राहून कोणत्या बाजूने चालत जायचे ते ठरवावे, कारण एकदा पावलांचे ठसे उमटले की पुढच्या भरतीपर्यंत ती जागा आपली आपणच बिघडवलेली असते. पुळणीच्या मागच्या कडेने, कोरड्या वाळूतून चालत जाऊन पाण्याकडे सरळ उतरावे आणि त्याच वाटेने परतावे. आणखी कोणी छायाचित्रकार तेथे असेल तर त्याच्या पुढ्यातून जाण्याआधी विचारावे. हिवाळ्यात बहुधा कोणी नसतेच.

मोजमापाच्या बाबतीत काळी वाळू कॅमेऱ्याला फसवते. चौकटीचा निम्मा भाग काळ्या कणांनी व्यापला की कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि लाटेचा फेस किंवा रमवरचे बर्फ जळून जाते. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराची विभागणी दाखवणारा कॅमेऱ्यातील आलेख, पाहून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर, ओल्या वाळूसाठी उपयोगी आहे, पण तो पूर्ण फिरवू नये : दुपारी सूर्य दक्षिणेला आणि आपले तोंड वायव्येला असल्याने आकाशाचा जो पट्टा सर्वाधिक गडद होतो तो चौकटीतच येतो आणि रुंद लेन्सवर निळ्या रंगाचा डाग पडल्यासारखे दिसते. शिवाय पूर्ण फिरवला की वाळूवरचे आकाशाचे प्रतिबिंबही निघून जाते, आणि चित्र तर त्या प्रतिबिंबामुळेच उभे असते. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा गडद, आकाश दबवणारा) न्यायचाच असेल तर मऊ कडेचा न्यावा, कारण रमची शिखरे क्षितिजाच्या बरीच वर जातात. नाहीतर तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या प्रतिमा घेणे सोपे.

आपल्या तिन्ही लेन्सपैकी सर्वांत जास्त काम 70-200 करील, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. शीत सीमा, म्हणजे थंड हवेच्या लोटाची पुढची कड, पुढे सरकून वारा वायव्येचा झाला की एकामागून एक सरी येतात, मध्येच पाच मिनिटे लख्ख ऊन पडते आणि पुन्हा सर येते. एगवरचे उत्तम दिवस हेच. समोरच्या समुद्रावर पावसाचा पडदा डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतो, रमचे एक शिखर झाकले जाते आणि दुसरे उजळते. हे सारे रुंद लेन्समध्ये हरवते. 150-200 मिलिमीटरवर त्याचे तुकडे वेचावे लागतात. पुळण सावलीत गेल्यावरही गाशा गुंडाळू नये, कारण पश्चिमेकडे तोंड असलेल्या क्लेडेलच्या कड्याचा माथा पुढे बराच वेळ उजळलेला असतो आणि त्याच्या पायथ्याची पांढरी घरे निळ्या सावलीत असतात. सर जाऊन ऊन पडले की इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे हिवाळ्यातील दुपारी उत्तर-ईशान्येला याच कड्यावर पडते; सूर्य खाली असल्याने त्याची कमान चांगली उंच असते. उलट वारा नैऋत्येचा, हवा उबदार आणि ढग समुद्राला टेकलेले असे असेल तर दिवसभर झिमझिम चालते आणि रम बेट आहे की नाही हेही कळत नाही. त्या दिवशी कपडे वाळवावेत.

लेगच्या उत्तरेला, किनाऱ्याच्या कातळावरून पुढे गेले की कामास स्गिओटेग नावाची लहान पुळण लागते. तेथील क्वार्ट्झची वाळू कोरडी असताना पायाखाली किंचाळते, म्हणून पर्यटक तेथे मुद्दाम जातात. हिवाळ्यात ती बहुतेक वेळा भिजलेली आणि म्हणून मुकी असते. छायाचित्रकाराला तिथवर जाताना लागणारा कातळ अधिक देऊन जातो. हा जुरासिक काळातील वाळूचा दगड असून त्यात चुनखडीने घट्ट सांधलेले मोठाले गोळे आहेत. भोवतालचा मऊ दगड झिजल्याने ते उघडे पडले आहेत. ओहोटीला, ओले असताना, ढगाळ उजेडात ते उत्तम दिसतात, म्हणजे ऊन नसलेल्या दिवसाचेही काम झाले. भरती चढू लागली की हा कातळ सोडावा. शेवाळ निसरडे असते आणि मागे कडा आहे. दगड उचलून आणू नयेत. स्कॉटिश भूवैज्ञानिक ह्यू मिलर यांनी 1840च्या दशकात या बेटावरून प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष नोंदवले आणि 2020 साली येथीलच एका डायनोसॉरच्या हाडाचे वर्णन प्रसिद्ध झाले. येथील खडक अभ्यासकांच्या कामाचा आहे.

स्गूरवर एकदा जावे, मात्र चित्रांच्या मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. धक्क्यापासून जाऊन-येऊन चार तास धरावेत. वाट सुळक्याच्या उत्तर अंगाने वळसा घेऊन एका घळीतून धारेवर चढते. सुमारे 58 दशलक्ष वर्षांपूर्वीच्या या पिचस्टोनचे, म्हणजे काचेसारख्या ज्वालामुखी खडकाचे, खांब सह्याद्रीतील बेसाल्टच्या खांबांची आठवण करून देतात, पण ओला पिचस्टोन काचेसारखा आहे. वारा ताशी पन्नास किलोमीटरच्या वर असेल तर धारेवर ट्रायपॉड घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही. माझ्या मते सुळका खालून, धक्क्याच्या बाजूने, सकाळच्या उन्हात पाहावा. आग्नेयेचा सूर्य त्याच्या टोकावर सरळ पडतो.

ज्या जागेकडे बहुतेक पाहुणे दुर्लक्ष करतात ती म्हणजे सुळक्याच्या दक्षिण पायथ्याचे ग्रुलिन. 1853 साली येथील कुळांना मेंढपाळीसाठी हुसकावून लावण्यात आले. त्यांच्या दगडी घरांच्या भिंती आजही गवतात उभ्या आहेत. धक्क्यापासून कच्च्या रस्त्याने सव्वा तास लागतो. लेगची अडचण जी, तीच ग्रुलिनची सोय : उतार दक्षिण-नैऋत्येकडे असल्याने हिवाळ्यातील सूर्य तिथे सकाळपासून मावळेपर्यंत असतो. भिंती कमरेएवढ्या आहेत, त्यामुळे उभ्याने काढलेल्या चित्रात त्या दगडांच्या ढिगाऱ्यासारख्या दिसतात. बसून, दाराच्या जागेतून समुद्राकडे पाहत काढाव्यात. आपल्याला नाताळातच जावे लागले तर दुपारनंतरचा मुक्काम ग्रुलिनला हलवावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. दक्षिण किनाऱ्यावरच एक गुहा आहे. 1577 साली मॅक्लाउड कुळाच्या लोकांनी तिच्या तोंडाशी आग लावून आत लपलेल्या बेटवासीयांना धुराने मारले. परंपरेने मृतांची संख्या 395 सांगितली जाते. तेथे रंगीत दिवे लावून केलेली चित्रे मी पाहिली आहेत. तसे काही करू नये.

रात्रीचा विचार जरूर करावा. अमावास्येचा आठवडा असेल आणि ढग उघडले तर क्लेडेलच्या बाजूला रस्त्यावर दिवे नसल्याने आकाश फार काळे मिळते. ध्रुवतारा तेथे 57 अंशांवर असतो, म्हणजे आपल्याला डोके मागे टाकून पाहावा लागेल. उत्तरेला समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर स्कायच्या कुइलिन पर्वताची दातेरी कडा दिसते. भूचुंबकीय वादळ मध्यम असले तरी ध्रुवीय प्रकाश त्या कडेमागे हिरवट पट्ट्यासारखा उमटू शकतो. डोळ्यांना तो पुष्कळदा करड्या ढगासारखा भासतो, म्हणून शंका आली की दहा सेकंदांचे एक चाचणी-चित्र काढून पाहावे. केवळ यासाठी प्रवास करू नये.

सामानाबाबत आपला पावसाळ्याचा अनुभव निम्माच उपयोगी पडेल. सह्याद्रीतला पाऊस वरून येतो. येथे तो आडवा येतो आणि त्यात मीठ असते. छत्री निरुपयोगी. लेन्सवर थेंब बसतात ते क्षाराचे असल्याने कोरड्या कापडाने पुसले की धूसर थर राहतो. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेले आणि मग कोरडे असे दोन कापडांचे काम आहे, आणि अशी कापडे डझनभर असली तरी संध्याकाळपर्यंत सगळी भिजतात. लेन्स बदलणे समुद्राकडे पाठ करून, पिशवीच्या आत. ट्रायपॉड जड नेण्यापेक्षा त्याचे मधले नळकांडे न उचलता, पाय पसरून तो खुजा करावा; वाऱ्यात त्याला पिशवी लटकवू नये, ती हेलकावे खाऊन उलट कंप वाढवते. रोज रात्री ट्रायपॉडचे पाय नळाखाली धुवावेत. बाहेरून उबदार खोलीत आल्यावर पिशवी तासभर उघडू नये, नाहीतर काचेच्या आत बाष्प धरते. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत; लेगवर दिवसातून दहा वेळा ओहोळ ओलांडावे लागतात.

राहण्याची जागा क्लेडेलच्या बाजूला मिळाली तर लेग हाकेच्या अंतरावर येते. धक्क्याजवळ राहिल्यास लेगला जायला पाच-सहा किलोमीटरचा एकमेव रस्ता तुडवावा लागतो, आणि लहान दिवसात जाऊन-येऊन त्याचे अडीच तास जातात. हिवाळ्यात पुष्कळ जागा बंद असतात, त्यामुळे आधी जागा, मग बोट, मग विमान या क्रमाने आरक्षण करावे. दुकान एक आहे, धक्क्यापाशी, आणि हिवाळ्यात त्याच्या वेळा मर्यादित असतात. पीठ, डाळ, तांदूळ, मसाला ग्लासगोहूनच न्यावा. भारतातून येताना तूप, पेढे किंवा कोणताही दुग्धजन्य पदार्थ आणू नये, त्याला ब्रिटनमध्ये मनाई आहे.

विजेबद्दल एक सूचना. हे बेट 12 जून 1997 रोजी रहिवाशांनी एकत्र येऊन विकत घेतले आणि 1 फेब्रुवारी 2008 पासून पाणी, वारा आणि सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली. ती मुख्य भूमीच्या जाळ्याला जोडलेली नाही, म्हणून प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा आहे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि लॅपटॉप यांना ती भरपूर आहे. भिजलेले कपडे वाळवायला हीटर, वर किटली आणि शेगडी असे एकदम लावले की मात्र पुरवठा तुटतो आणि यजमानाला यावे लागते.

ड्रोन घरी ठेवावा. कॅमेरा असलेल्या 100 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनसाठी 1 जानेवारी 2026 पासून ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे नोंदणी आणि ऑनलाइन चाचणी आवश्यक आहे, उंचीची मर्यादा 120 मीटर आहे, आणि हे सर्व आपण केलेत तरी फेब्रुवारीत लहान ड्रोनला झेपेल असा वारा पाच दिवसांतून कदाचित एका सकाळी मिळेल. त्या सकाळी समुद्र शांत असेल, ऊन स्वच्छ असेल आणि ओहोटी दुपारी असेल. तेव्हा आपण पुळणीवर असलेले बरे. शिवाय कड्यावर सोनेरी गरुड असतात आणि रमकडून पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुडही येतात. ड्रोनच्या जागी दुसरा रेनकोट आणि हातमोज्यांची एक जादा जोडी भरावी. पहिली जोडी पहिल्याच दिवशी भिजते आणि बेटावर पाच दिवसांत पूर्ण वाळत नाही.